उभ्या गाडीचा आवाज

सहावीच्या मुलांना मी दरवर्षी ध्वनिदर्शक शब्द शिकवते. पानांची सळसळ, पंखांची फडफड, बांगड्यांची किणकिण, विजांचा कडकडाट. मुलं पाढे म्हटल्यासारखं हे म्हणतात आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतात. आणि कांजूरच्या गॅरेजवाल्याने मला फोनवर विचारलं, "मॅडम, गाडीचा आवाज कसला येतो?" तेव्हा माझी बोबडी वळली.

"खडखड," मी म्हणाले.

"खडखड की टकटक?"

"टकटक म्हणजे... तसं टकटकच म्हणा."

"टकटक असेल तर इंजिनाचे टॅपेट. घेऊन या."

गाडी पेट्रोलची, छोटी, दुसऱ्याने वापरून टाकलेली. चालताना शहाण्यासारखी चालायची. पण इंजिन चालू ठेवून न्यूट्रलवर उभी राहिली, की बोनेटखालून कुठूनतरी तो आवाज सुरू व्हायचा. ॲक्सिलेटरवर पाय ठेवला की गप्प, पाय काढला की पुन्हा सुरू. आमच्या भांडुपच्या रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागल्यापासून गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. त्यामुळे तो आवाज मी दिवसरात्र ऐकत होते म्हटलं तरी चालेल.

गाडी मी काही हौसेने घेतली नव्हती. आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय गेला. आम्ही राहतो ती बिल्डिंग टेकडीच्या अंगावर, रस्ता असा चढा की अर्धे रिक्षावाले खालूनच हात हलवून नाही म्हणतात. जो तयार होतो त्याच्या रिक्षात आई प्रत्येक खड्ड्याला माझ्या अंगावर कलंडायची. दोन-तीनदा तिला तसं नेल्यावर मी ठरवलं की बास झालं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, या वयात ड्रायव्हिंग शिकले आणि गाडी घेतली. आईला आठवड्यातून दोनदा मुलुंडला स्पीच थेरपीला न्यायचं होतं, कारण हातापायाबरोबर तिचे शब्दही गेले होते.

हे किती मोठं जाणं होतं ते माझ्या आईला ओळखणाऱ्यालाच कळेल. ती बोलायची म्हणजे किती बोलायची! कणकवलीकडून लग्न होऊन मुंबईत आली तरी मालवणी तिने सोडली नाही. गिरणी बंद पडून वडील घरी बसले तेव्हा डबे करून तिने घर चालवलं, आणि त्या काळातही तोंडाचा पट्टा चालूच. ती कावळ्याशी बोलायची, गॅसच्या सिलेंडरशी बोलायची, टीव्हीवरच्या सासवांना नावं ठेवायची, बांगड्यात काटा जास्त निघाला तर त्या मेलेल्या माशालाही दोन शब्द सुनवायची. आणि मला हाक मारायची ती नावाने नाही. मी तिची खुळी. पहिला नंबर आला तरी खुळी, दूध उतू गेलं तरी खुळी. लग्न मोडून बॅग घेऊन मी परत आले तेव्हा शेजारणी दारं किलकिली करून बघत होत्या. आईने मला एकही प्रश्न विचारला नाही. दारातच म्हणाली, "इलंस? ये गो खुळी. आधी जेव."

त्या आईच्या तोंडून आता नुसता श्वास यायचा. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंचसं समजत असणार, पण शब्द सापडत नाहीत. मी विचारलं, "मला ओळखते का?" ते म्हणाले, सांगणं कठीण आहे. आई माझ्याकडे बघायची ते हॉस्पिटलात आयाकडे बघायची तसंच. जेवण भरवलं की जेवायची, कूस बदलली की बदलू द्यायची. मी शाळेत जाताना तिला सांभाळायला येणाऱ्या बाईकडेही तशीच बघायची. तिने मला पुन्हा कथा सांगावी, भांडावं, असं माझं काही मागणं नव्हतं. मी कोण आहे हे तिला माहीत आहे, एवढं फक्त तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. थेरपिस्ट तरुण मुलगी होती, गोड बोलायची, पण तिनेही स्पष्ट सांगितलं होतं की जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, एकही खेप चुकवू नका. म्हणून गाडी. आणि म्हणून त्या आवाजाने माझा जीव टांगणीला लागला होता, कारण ही गाडी बंद पडली तर आईची मुलुंडची वाट बंद.

गॅरेजवाल्याने टॅपेट सेट केले. "आता झकास," तो म्हणाला. गॅरेजच्या दारात गाडी खरंच गप्प उभी होती. घरी येईपर्यंत आवाज परत. मी फोन केला आणि या वेळी अडून बसले की टकटक नाही, खडखडच आहे. मग त्याने इंजिनाचं माउंटिंग बदललं. तिसऱ्या वेळी मी वैतागून घरघर म्हणाले, तर त्याने पट्टा आणि पुलीचं बेअरिंग बदललं आणि एसी लावू नका म्हणून सांगितलं. म्हणजे आता काचा खाली करून जायचं, आणि वारा फिरला की कांजूरच्या कचरा डम्पिंगचा वास थेट नाकात. दरवेळी तो लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि दरवेळी आमची गाडी, पाहुण्यांनी गाणं म्हणायला सांगितलेल्या पोरासारखी, तोंड मिटून उभी.

"मॅडम, राग मानू नका, पण आवाज तुमच्या कानात बसलाय."

"मग कानाचे टॅपेट सेट करा," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही. गाडीत बसून दार इतकं जोरात आपटलं की शेजारच्या वडापाववाल्याने मान वर करून पाहिलं.

त्यानंतरच्याच खेपेला सोनापूरच्या सिग्नलला आम्ही अडकलो. भर दुपार, पुढे डंपर, मागे बस. आई माझ्या डाव्या बाजूला, खांदा पट्ट्याने कापू नये म्हणून मी मध्ये टॉवेलची घडी ठेवलेली. आवाज सुरू झाला. मी स्टिअरिंगवर हात आपटला, गाडीला मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने शिव्या घातल्या. आईच्याच शिव्या होत्या त्या, मालवणी. आणि शेजारून आवाज आला, "खुळ."

मी वळून पाहिलं. आईचे ओठ जुळवाजुळव करत होते. "खुळ," ती पुन्हा म्हणाली. "खुळ."

"काय म्हणालीस? आई, काय म्हणालीस तू?"

"खुळ."

ई निघत नव्हती तिला. पण मला ऐकू आली. मला स्पष्ट ऐकू आली! इतक्या महिन्यांनी माझ्या आईने तोंड उघडलं आणि पहिला शब्द काढला तो मी. सिग्नल हिरवा झाला, मागच्या बसने हॉर्नवर हात ठेवला तो काढेना, एक बाईकवाला काचेपाशी येऊन ओरडला, "ओ आंटी, झोपलात काय?" मी त्याला म्हणाले, "माझी आई बोलली रे!" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की नंतर बराच वेळ मला हसू येत होतं. मुलुंड येईपर्यंत मी रडत होते आणि हसत होते, डोळ्यांपुढचं धड दिसतही नव्हतं.

थेरपिस्टला मी जिन्यातच सांगितलं. तिला खुळी म्हणजे शिवी वाटली. तिला मी समजावलं की ही शिवी नाही, आमच्याकडे हा लाड आहे, हे माझं नावच आहे. तीही खूश झाली. तिने आईसमोर खुर्ची ओढली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आजी, ही कोण?" आई वरच्या पंख्याकडे बघत राहिली. थकली असेल, आम्ही दोघी म्हणालो.

घरी आल्यावर मी वेडेपणाचा सपाटाच लावला. आईला मला खुळी म्हणायला कारण हवं ना! तिच्यासमोर उलटा कुर्ता घालून फिरले. तिच्या डोळ्यांदेखत चहात मीठ घातलं आणि पिऊन तोंड वाकडं केलं. चप्पल फ्रिजवर ठेवली. आई ढिम्म. पण गाडीत बसलं आणि सिग्नल लागला की ती हमखास म्हणायची, "खुळ, खुळ." मग मी मुलुंडला जायचा असा रस्ता शोधला की ज्यावर सिग्नल जास्त लागतील. सगळी मुंबई ज्याच्या नावाने बोटं मोडते ते ट्रॅफिक मी वाकडी वाट करून गाठत होते. लाल दिवा दिसला की बरं वाटायचं. आपल्या लोकांत नवस बोलतात तसे मी एकदा चक्क जॅम लागू दे म्हणून देवाला हात जोडले.

आणि असल्याच एका जॅममध्ये सगळं कळलं. इंजिन बंद पडेलसं वाटलं म्हणून मी ॲक्सिलेटर जरा दाबून धरला. आवाज थांबला. आई थांबली. पाय काढला, आवाज आला. "खुळ, खुळ," आई म्हणाली. मी पुन्हा दाबला. ती गप्प. पुन्हा सोडला. "खुळ, खुळ, खुळ." तिची नजर माझ्यावर नव्हती, बोनेटवर होती, आणि तिचे ओठ इंजिनाच्या तालावर हलत होते. ती खुळी म्हणतच नव्हती. ती खुळखुळ म्हणत होती. तान्ह्या मुलाच्या खुळखुळ्याची खुळखुळ. गाडीचा आवाज तंतोतंत तोच होता, मला इतके दिवस न सापडलेला शब्द तो हाच होता, आणि त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता.

मी किल्ली फिरवून गाडी भर रस्त्यात बंद केली. "आई, इकडे बघ. मी कोण? सांग ना, मी कोण?" मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. तिने मान सोडवून घेतली आणि ती बाहेरच्या शहाळेवाल्याकडे पाहायला लागली. त्या दिवशी मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिचे केस विंचरले नाहीत, बाईने विंचरले. मला त्या गाडीचा हेवा वाटत होता, खोटं कशाला बोलू. आई पत्र्याच्या डब्याला उत्तर देत होती आणि पोटच्या पोरीला नाही.

थेरपिस्ट म्हणाली, "असं नका म्हणू. आवाजाची नक्कल करणं हीसुद्धा सुरुवातच आहे. त्या दुसऱ्या कशालाच प्रतिसाद देत नाहीयेत. हा आवाज चालू राहू दे." म्हणजे ज्या आवाजाच्या मागे मी हात धुऊन लागले होते तोच आता माझ्या आईचा मास्तर झाला होता. मी गॅरेजवाल्याचे फोन उचलणं बंद केलं. गाडी सिग्नलला खुळखुळायची, आई खुळखुळायची, आणि मी मध्ये बसून दोघींचं ऐकायची. कधी कधी मीही म्हणायची त्यांच्याबरोबर. तिघींचा कोरस. कुणी काचेतून बघितलं असेल तर काय म्हणालं असेल कोण जाणे.

पण आवाज दिवसेंदिवस वाढायला लागला आणि गाडीचा जोर उतरायला लागला. जो चढ ती दुसऱ्या गिअरवर चढायची तो पहिल्यावरही चढेना. आणि एका संध्याकाळी मुलुंडहून परत येताना, आमच्याच चढावर, बिल्डिंग समोर दिसत असताना गाडी दमली. मी ॲक्सिलेटर तळाशी नेला तरी इंजिन नुसतं कण्हत होतं. मग ते बंद पडलं आणि गाडी मागे घसरायला लागली.

"ओ ताई, हँडब्रेक! हँडब्रेक!" कोणीतरी ओरडलं. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, ब्रेकवर उभीच राहिले. गाडी थांबली. किराणावाला आणि भाजीवाला धावत आले, चाकांमागे दगड सरकवले. मी आईकडे पाहिलं. ती सीटला पाठ चिकटवून आभाळाकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या चांगल्या हाताने माझी ओढणी घट्ट धरलेली होती. अशा वेळी माणूस हाताला येईल ते धरतं, मी स्वतःला बजावलं. पुन्हा आशा लावून घ्यायची माझी हिंमत नव्हती. लोकांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि देवीची पालखी न्यावी तसं तिला चौघांनी वर नेलं. मी मागून तिच्या चपला घेऊन चालत होते आणि मनात एकच, आता हिला खाली कशी आणायची? पुढची खेप चुकणार. मग त्याच्या पुढची. मग ती थेरपिस्ट म्हणणार की सुरुवातीचे महिने संपले.

दुसऱ्या दिवशी गाडी टोईंग करून कांजूरला नेली.

"कशाला फोन उचलत नव्हतात? आता वाट लागली ना?" गॅरेजवाला म्हणाला. "आवाज कसला, ते तरी आता नीट बोला."

"खुळखुळ."

त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. "खुळखुळ? डब्यात खडे घालून हलवल्यासारखं?"

"हो."

"मग हे आधी बोलायचं ना, मॅडम! तुम्ही मला टकटक काय, घरघर काय..." तो पाठीवर पडून गाडीखाली सरकला आणि त्याने आतून कशावर तरी मूठ मारली. खुळखुळ. इंजिन बंद असताना, भर गॅरेजमध्ये.

त्याने मला वाकून बघायला लावलं. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक जाड डबा असतो, धूर गाळणारा. आत बारीक जाळी असते, चिनीमातीसारख्या ठिसूळ मातीची. ती फुटली होती. इंजिन मंद चालतं तेव्हा तुकडे आपटून खुळखुळतात आणि चढावर तेच तुकडे तोंडाशी येऊन धुराची वाट अडवतात. "धूर बाहेर पडेना, तर गाडी चढणार कशी? एवढ्याशा डब्याने तुम्हाला आणि मला नाचवलं," तो म्हणाला. "मी पण गाढवच, एवढे पार्ट बदलले. कोणी ओळखला शेवटी आवाज?"

"आईने."

मग मी त्याला विचारलं, की गाडी चढावर चढेल एवढंच करता येईल का, आवाज तसाच ठेवून. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. "मॅडम, लोक माझ्याकडे आवाज काढायला येतात. तुम्ही ठेवायला आलात?" तेव्हा गॅरेजच्या स्टुलावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. मधे मधे हुंदके येत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. तो बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिला. "हातात असतं तर ठेवला असता," तो म्हणाला. "पण आईला वरून खाली आणायचंय की नाही? डबा बदलावाच लागेल."

"बदला. पण जुना मला द्या."

"काय करणार त्याचं?"

"द्या म्हणते ना."

संध्याकाळी गाडी मिळाली. जुना डबा त्याने गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवला होता. वर मला म्हणाला, "स्वच्छ करून ठेवलाय, डिकी काळी नको व्हायला तुमची." मी मान हलवली. माझं लक्ष नव्हतं. गाडी चालू होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढच्या खेपेला सोनापूरचा सिग्नल लागला. गाडी उभी राहिली. आईने बोनेटकडे पाहिलं, तोंड उघडलं, थांबली. वाट पाहत राहिली. मला इतकं कसंनुसं झालं की मी स्वतःच "खुळखुळ, खुळखुळ" म्हणायला लागले, किल्ल्यांचा जुडगा हलवला, डॅशबोर्डवर बोटं वाजवली. आईने तोंड मिटलं. त्यानंतर तिने गाडीत तोंड उघडलंच नाही. एकामागून एक सिग्नल यायचे, लाल व्हायचे, हिरवे व्हायचे, आणि आम्ही दोघी मुकाट बसून असायचो. गाडी इतकी छान चालत होती की मला ती दरीत ढकलून द्यावीशी वाटायची. मीच पदरमोड करून, मीच हट्ट धरून आईचा उरलासुरला आवाजही काढून टाकला होता, असंच मला वाटायचं. रात्री झोप यायची नाही, शाळेत मुलं सळसळ-किणकिण म्हणायला लागली की फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

थेरपिस्टचा चेहरा उतरत गेला. एका शनिवारी, सकाळची शाळा करून मी तशीच घरून आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता दर वेळी इतक्या लांब आणायची गरज नाही. घरीच सराव करून घ्या. महिन्यातून एकदा दाखवा." मी शिक्षिका आहे. पालकांना मीही असंच सांगते. अशा बोलण्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता.

घरी आलो. आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. लाईट गेली होती, पंखा बंद, घर अगदी शांत. मी साडीसुद्धा बदलली नाही. तशीच खाली गेले, डिकी उघडली, ते गोणपाटातलं ओझं उचलून वर आणलं आणि आईसमोर फरशीवर फतकल मारून बसले. गुंडाळी सोडली. गंजलेला, दोन्हीकडे नळ्यांची तोंडं असलेला डबा, चांगला जड. मी तो दोन्ही हातांत धरला आणि आईच्या तोंडासमोर हलवला.

आवाज आला नाही.

मी जोरात हलवला. काही नाही. उलटा करून हलवला, कानाशी नेला, पुन्हा हलवला. उरलीसुरली काजळी भुरुभुरु गळून माझ्या सुती साडीवर पडली, फरशीवर पडली. आईची फरशी ती, झटका यायच्या आदल्या दिवसापर्यंत ती दोन वेळा पुसायची. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि डब्यावर मारलं. नुसता पोकळ ठण्ण आवाज. मग मी नळीला डोळा लावला. पलीकडे आईची पावलं दिसली. आत काहीच नव्हतं. गॅरेजवाल्याने स्वच्छ करून ठेवला होता, सगळा चुरा झटकून, मला बरं पडावं म्हणून.

मग मात्र मला आवरेना. त्या डब्याला मिठी मारून मी लहान पोरीसारखी भोकाड पसरलं. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, आणि मी काळ्या हातांनी ते पुसत होते. "बोल ना गं," मी म्हणत होते, आईला की डब्याला कोण जाणे. शेवटी रडून रडून दमले आणि गप्प झाले. मांडीवर गाडीचा डबा, बाजूला लाटणं, तोंड काळं. काही वेळ घरात कसलाच आवाज नव्हता.

मी वर पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. बोनेटकडे नाही, पंख्याकडे नाही, खिडकीबाहेर नाही. तिच्या तोंडाची डावी कड किंचित हलली. ओठ जुळवायला तिला वेळ लागला.

"खुळी," ती म्हणाली.

ई होती. लांब, ओढलेली, दमलेली ई.

मी हलले नाही. पुन्हा म्हण असंही म्हणाले नाही. आईने चांगला हात उचलला, बोट फरशीवरच्या काजळीकडे केलं आणि तिथेच धरून ठेवलं. मी डबा बाजूला ठेवला आणि फडका आणायला उठले.